गादीवरचे मूल आणि शाळेतले मूल

दरवर्षी स्मरणिकेचे काम सुरू झाले की संपादक मंडळाकडून निरोप येतो, "सर, इतिहासावर काहीतरी लिहा, पण मुलांना आणि पालकांना उपयोगी पडेल असे लिहा." यंदा हा निरोप आला त्याच सुमारास रस्त्यावरून एक मिरवणूक चालली होती. मिरवणूक कोणाची होती हे सांगण्याची गरज नाही. सर्वांत पुढे सहा-सात वर्षांची मुले होती. त्यांच्या हातात फलक होते आणि फलकांवरचा मजकूर त्यांतल्या एकालाही नीट वाचता आला नसता. मागे मोठी माणसे होती. मुलांना पुढे का ठेवले असे मी एका ओळखीच्या कार्यकर्त्याला विचारले. तो सहज म्हणाला, "मुलं पुढं असली की लोक बघतात, सर. आणि पोलीसही जरा सबुरीनं घेतात."

हे उत्तर मनातून जाईना. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्यात काही नवे वाटले नाही, उलट फार जुने असे काहीतरी ऐकल्यासारखे वाटले. मूल पुढे करायचे, त्याच्या आड मोठ्यांनी उभे राहायचे आणि काम झाले की मुलाला विसरायचे, हा प्रकार आपल्या सातारा-सांगली भागाने तीनशे वर्षांत इतक्या वेळा पाहिला आहे की त्याचा एक लहानसा इतिहास लिहिता येईल. तोच येथे थोडक्यात मांडतो.

रायगडावरचा सात वर्षांचा कैदी

या इतिहासाची सुरुवात छत्रपती शाहू महाराजांपासून करावी लागते. सातारा ही ज्यांची राजधानी, ते शाहू. त्यांचा जन्म 1682 सालचा. 1689 च्या आरंभी वडील संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले आणि मार्च महिन्यात त्यांचा वध झाला. त्या वेळी शाहू सात वर्षांचेही नव्हते. महाराणी येसूबाईंनी मोठ्या धीराने निर्णय घेतला. दीर राजाराम यांना त्यांनी गडाबाहेर पाठवले आणि स्वतः मुलासह रायगडावर राहिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात रायगड मोगलांच्या हाती गेला आणि आई व मुलगा औरंगजेबाच्या छावणीत दाखल झाले.

येथून पुढे सुमारे साडेसतरा वर्षे शाहू कैदेत होते. ही कैद साखळदंडाची नव्हती. बादशहाने त्यांना 'राजा' हा किताब दिला, सात हजारी मनसब दिली आणि त्यांचे तंबू आपल्या मुक्कामाजवळ लावून घेतले. पुढे त्यांचे लग्नही छावणीतच लावून दिले. सात वर्षांच्या मुलाला सात हजारांची मनसब कशासाठी? कारण ते मूल म्हणजे बादशहाच्या हातातला एक शिक्का होता. मराठ्यांचा खरा धनी आमच्याजवळ आहे आणि आम्हीच त्याला मानमरातब देतो, हे दक्षिणेतल्या देशमुख-सरदारांना दाखवायचे होते. पुढे लढाई लांबली, तेव्हा त्याच शाहूंच्या नावाने मराठे सरदारांशी बोलणी लावण्याचा प्रयत्नही झाला. तो निष्फळ ठरला.

या काळातली एक गोष्ट अवघड असली तरी सांगितली पाहिजे. तरुण शाहूंनी इस्लाम स्वीकारावा असा आग्रह बादशहाने धरला आणि त्यांच्याऐवजी सरनोबत प्रतापराव गुजरांच्या मुलाने धर्मांतर करून ही वेळ निभावून नेली, असे इतिहासात सांगितले आहे. आपल्या समाजातल्या वाचकांनीही हे मोकळ्या मनाने वाचावे. श्रद्धा ही मनाची बाब आहे. कैदेत वाढलेल्या मुलापुढे ती अट म्हणून ठेवणे हे दीनाचे काम नव्हे, ते राजकारणाचे काम आहे. ते करणारा बादशहा मुसलमान होता म्हणून त्याची बाजू घेण्याचे आपल्याला काही कारण नाही.

परंतु त्याच छावणीतली दुसरी बाजूही तितक्याच मोकळेपणाने सांगितली पाहिजे. बादशहाची कन्या झीनत-उन-निसा बेगम हिने या आई-मुलाची काळजी घेतली. तिला स्वतःचे मूलबाळ नव्हते. दिल्लीतील दर्यागंजची झीनत-उल-मसाजिद ही मशीद तिनेच बांधली. परक्या, त्यातून शत्रूच्या मुलावर तिने माया केली आणि शाहूंनी ती शेवटपर्यंत लक्षात ठेवली. 1707 मध्ये सुटका होऊन दक्षिणेत येताना शाहूंनी खुलदाबादला पायी जाऊन औरंगजेबाच्या कबरीचे दर्शन घेतले, असे इतिहासकार नमूद करतात. ज्याने बापाला मारले त्याच्या कबरीपुढे मुलगा नम्र होतो, याचे अनेकांना नवल वाटते. मला वाटते, त्यामागे बेगमेची ती माया असावी. दरबाराने मुलाकडे शिक्का म्हणून पाहिले आणि एका बाईने मूल म्हणून पाहिले. मोठेपणी शाहूंचा स्वभाव सौम्य, क्षमाशील आणि बेरजेचा झाला, त्याचे श्रेय दरबाराच्या मनसबीला देण्यापेक्षा तिला आणि येसूबाईंना द्यावे हे बरे.

एका मुलाविरुद्ध दुसरे मूल

शाहू छावणीत असताना इकडे काय झाले? राजाराम महाराज 1700 च्या मार्चमध्ये सिंहगडावर वारले. त्याच वेळी साताऱ्याच्या किल्ल्याला खुद्द औरंगजेबाचा वेढा पडलेला होता. एप्रिलमध्ये किल्ला पडला आणि त्याचे नाव 'आझमतारा' ठेवले गेले. अशा बिकट प्रसंगी महाराणी ताराबाईंनी आपला मुलगा शिवाजी याला गादीवर बसवले. त्याचे वय अवघे चार वर्षांचे होते. राज्य अर्थात ताराबाई चालवत होत्या, आणि सात वर्षे त्यांनी ते असे चालवले की बादशहाला दक्षिणेत सुखाची झोप मिळाली नाही. त्यांच्या कर्तबगारीबद्दल शंकाच नाही. पण कर्तबगार आईलाही राज्य करण्यासाठी चार वर्षांच्या मुलाचे नाव पुढे करावे लागले, ही त्या काळाची रीत होती.

1707 मध्ये औरंगजेब वारला. त्याचा मुलगा आझमशहा उत्तरेकडे निघाला आणि वाटेत त्याने शाहूंना सोडून दिले. ही दया नव्हती. शाहू परत गेले की ताराबाईंशी त्यांचे भांडण जुंपेल आणि मराठे आपसांत लढत बसतील, हा हिशेब होता. सुटका करतानाही येसूबाईंना ओलीस म्हणून ठेवून घेतले. हिशेब बरोबर निघाला. ताराबाईंनी शाहू तोतया असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर 1707 मध्ये खेडला लढाई झाली, शाहू जिंकले आणि साताऱ्यावर चालून आले.

साताऱ्याचा किल्ला परशुराम त्र्यंबक प्रतिनिधींच्या ताब्यात होता. किल्ल्यावर शेख मिरा नावाचा मुसलमान अंमलदार होता. त्याने प्रतिनिधींना कैद करून किल्ला शाहूंच्या हवाली केला. हे घराणे पुढे 'शेख मिरा वाईकर' म्हणून साताऱ्याच्या मानकऱ्यांत मोडू लागले. 1820 मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या जहागीरदारांशी करार केले, त्यांत फलटण, जत, अक्कलकोट यांच्याबरोबर वाईकर शेख मिरांचेही नाव आहे. आपल्या भागातल्या मुसलमान घराण्यांचा इतिहास शोधणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावे.

पण किल्ला शेख मिराने सहजासहजी दिला नाही, असे बखरकार सांगतात. त्याची बायकामुले वाईला होती. शाहूंच्या माणसांनी त्यांना धरून आणले आणि तोफेच्या तोंडी देण्याची धमकी दिली, तेव्हा तो वळला. गोष्ट बखरीतली आहे. पण खरी असेल तर तिच्यातला अर्थ विचार करण्यासारखा आहे. सातव्या वर्षी जो स्वतः ओलीस होता, त्याचेच लोक अठरा वर्षांनी दुसऱ्याची मुले ओलीस धरतात. शाहूंसारख्या क्षमाशील राजाच्या कारकिर्दीची सुरुवात अशी व्हावी, यावरून ही रीत किती सहज अंगवळणी पडते ते दिसते.

शाहूंचा राज्याभिषेक जानेवारी 1708 मध्ये साताऱ्यास झाला. येसूबाई मात्र 1719 मध्ये परतल्या. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले, त्यांच्याबरोबर त्या आल्या. तीस वर्षांची कैद! सनदांची तारीख आपण परीक्षेला विचारतो, त्या बाईच्या तीस वर्षांबद्दल मात्र प्रश्न विचारत नाही.

आणि ताराबाईंचा तो चार वर्षांचा राजा? 1714 मध्ये पन्हाळ्यावर सत्तापालट झाला. राजारामांची दुसरी राणी राजसबाई हिने आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवले आणि ताराबाई व त्यांचा शिवाजी दोघेही कैदेत गेले. कैदेतच तो तरुणपणी वारला. लहानपणी सिंहासन आणि मोठेपणी तुरुंग, असे त्याचे आयुष्य. त्याने स्वतः काय गुन्हा केला होता, असे कोणी विचारले तर इतिहासाजवळ उत्तर नाही.

पुढे शाहूंना वारस नव्हता, तेव्हा ताराबाईंनी याच शिवाजीचा मुलगा रामराजा याला पुढे आणले. लहानपणापासून जिवाच्या भीतीने लपवून वाढवलेला हा मुलगा. शाहू डिसेंबर 1749 मध्ये वारले आणि रामराजा गादीवर आला. वर्षभरात आजीचे आणि पेशव्यांचे बिनसले. आजीने नातवाला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले आणि हा आपला नातूच नव्हे असेही जाहीर केले. ज्या आजीने नाव दिले तिनेच ते काढून घेतले.

चाळीस दिवसांचा पेशवा

छत्रपतींच्या घरात जे झाले तेच पुढे पेशव्यांच्या घरात झाले. ऑगस्ट 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके आदी बारभाईंनी त्यांना पुरंदरावर नेले. एप्रिल 1774 मध्ये मुलगा झाला आणि चाळिसाव्या दिवशी त्याला पेशवाईची वस्त्रे देण्यात आली. ती वस्त्रे साताऱ्याहून आली होती. पाठवणारे छत्रपती म्हणजे आपले तेच रामराजे. त्यांच्या हाती नावापलीकडे काही उरले नव्हते. ज्याला स्वतःचा कारभार नाही अशा राजाने, ज्याला अजून मान धरता येत नाही अशा पेशव्याला वस्त्रे पाठवली आणि त्या दोन नावांवर सारे राज्य चालले.

बारभाईंनी राघोबादादांना रोखले, राज्य सावरले, हे त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. पण सवाई माधवरावांचे काय झाले? ते एकवीस वर्षे जगले. नानांनी त्यांना डोळ्यांत तेल घालून जपले आणि त्यापायी मोकळा श्वासही घेऊ दिला नाही. ऑक्टोबर 1795 मध्ये शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडून त्यांचा अंत झाला. तो अपघात की आत्मघात याचा वाद अजून चालू आहे.

येथे आपल्या तासगावचा संबंध येतो. सवाई माधवरावांना मूल नव्हते. तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन यांनी 1796 मध्ये राघोबांचा धाकटा मुलगा चिमाजीअप्पा याला सवाई माधवरावांच्या विधवा पत्नी यशोदाबाई यांच्या मांडीवर दत्तक देऊन पेशवा केले. चिमाजी सुमारे बारा वर्षांचा होता आणि दत्तक घेणारी आई स्वतः बालिकाच होती. एक मूल दुसऱ्या मुलाची आई झाले आणि मोठ्यांचा डाव मांडला गेला. काही महिन्यांतच डाव फिरला आणि दुसरा बाजीराव पेशवा झाला. शास्त्रार्थ, दस्तऐवज, होमहवन सगळे यथासांग झाले होते. फक्त त्या दोन मुलांना काय वाटते हे कोणी विचारले नव्हते.

टिपूचे दोन मुलगे

याच परशुरामभाऊंनी आणखी एक प्रसंग जवळून पाहिला होता. 1790 ते 1792 च्या लढाईत इंग्रज, निजाम आणि मराठे एक होऊन टिपू सुलतानावर चालून गेले. मराठ्यांच्या फौजा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ यांच्या हाताखाली होत्या. फेब्रुवारी 1792 मध्ये श्रीरंगपट्टणच्या तटाखाली तह ठरला. टिपूने निम्मे राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये द्यायचे, आणि रक्कम फिटेपर्यंत दोन मुलगे ओलीस ठेवायचे. अब्दुल खालिक सुमारे दहा वर्षांचा आणि मुइझुद्दीन त्याहून लहान. हत्तीवर बसवून त्या दोघांना इंग्रजांच्या छावणीत आणले. लॉर्ड कॉर्नवॉलिसने त्यांना जवळ घेतले आणि दोघांना एकेक सोन्याचे घड्याळ दिले.

या प्रसंगाची चित्रे काढण्यासाठी इंग्रज चित्रकारांत जणू चढाओढ लागली. रॉबर्ट होम, मॅदर ब्राउन आदींनी ती रंगवली, त्यांच्या छापील प्रती विलायतेत घरोघर गेल्या. चित्राचा अर्थ सरळ होता: बघा, आमचा सेनापती शत्रूच्या मुलांनाही पित्यासारखा वागवतो! मुलांना आईबापापासून का तोडले, हे मात्र चित्रात कोठेच दिसत नाही. 1794 मध्ये मुले परत गेली. पाचच वर्षांनी, 1799 मध्ये, त्यांचा बाप त्याच श्रीरंगपट्टणात लढता लढता पडला.

औरंगजेबाने शाहूंना मनसब दिली, कॉर्नवॉलिसने टिपूच्या मुलांना घड्याळे दिली. एक बादशहा मुसलमान, दुसरा सेनापती ख्रिस्ती. एका प्रसंगी ओलीस मूल हिंदू, दुसऱ्या प्रसंगी मुसलमान. वागण्यात फरक काय? या दोन गोष्टी शेजारी ठेवून शिकवल्या, तर मुलांच्या मनात कोणत्याही जमातीबद्दल कडवटपणा राहणार नाही, आणि राज्यकर्त्यांच्या रीतीची मात्र ओळख पटेल, असा माझा अनुभव आहे.

सांगलीची गोष्ट

आपली सांगली तरी या इतिहासाबाहेर कोठे आहे? मिरजेच्या पटवर्धनांची जहागीर चिंतामणराव अप्पासाहेबांकडे आली तेव्हा ते लहान मूल होते. कारभार चुलते गंगाधरराव पाहत. पुतण्या वयात आला, हिशेब मागू लागला आणि घरात भांडण सुरू झाले. अखेर वाटणी होऊन चिंतामणराव 1801 च्या सुमारास सांगलीला आले. त्यांनी येथे ठाणे केले, किल्ला बांधला, गणपती मंदिर उभारले. कृष्णाकाठचे एक साधे गाव संस्थानची राजधानी झाले, ते अशा एका बालजहागीरदाराच्या हक्काच्या भांडणातून.

त्याच गादीवर 1903 मध्ये पुन्हा एक मूल आले. आधीचे अधिपती निपुत्रिक वारले होते. इंग्रज सरकारने भाऊबंदांतून एक तेरा वर्षांचा मुलगा निवडला, त्याचे नाव चिंतामणराव ठेवले आणि 1910 पर्यंत संस्थानचा कारभार सरकारी अधिकाऱ्याच्या हाती राहिला. सरकारला आपल्या वळणाचा राजा घडवायचा होता हे उघड आहे. परंतु या वेळी एक फरक होता. मुलाला राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिक्षणासाठी पाठवले गेले. शिकलेला माणूस पुढे कोणाच्या हातचे बाहुले होऊन राहीलच असे नाही. पुढे याच चिंतामणरावांच्या कारकिर्दीत सांगलीत शिक्षणाचा आणि उद्योगांचा विस्तार झाला.

डलहौसीचे गणित

आता थोडे मागे, पुन्हा साताऱ्याला. पेशवाई बुडाली तेव्हा 1818 मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. पंचवीस वर्षांचा हा तरुण राजा नामधारी राहील असे त्यांना वाटले असावे. पण महाराजांनी शाळा काढल्या, छापखाना आणला, रस्ते-पाणी पाहिले आणि तहातल्या हक्कांवर बोट ठेवू लागले. 1839 मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले, तेथेच 1847 मध्ये ते वारले. मागून बसवलेले भाऊ शहाजी 1848 च्या एप्रिलमध्ये वारले. मरणापूर्वी त्यांनी एक मूल दत्तक घेतले होते. शास्त्राप्रमाणे सर्व ठीक होते. पण गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि सातारचे राज्य खालसा झाले.

त्याच सुमारास, 1849 मध्ये, डलहौसीने पंजाब घेतला. तेथला महाराजा दुलिपसिंग पाच वर्षांचा असताना गादीवर बसला होता आणि दहाव्या वर्षी त्याच्याकडून राज्यत्यागाच्या कागदावर सही घेतली गेली. कोहिनूर हिराही त्याच तहाने गेला. आईपासून तोडून, इंग्रज पालकांकडे वाढवलेल्या या मुलाने 1853 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. म्हणजे औरंगजेबाला जे साधले नाही ते येथे गोडीगुलाबीने साधले. 1853 मध्येच झाशीला राणी लक्ष्मीबाईंच्या पतीने पाच वर्षांच्या दामोदररावाला दत्तक घेतले, तोही नामंजूर झाला.

डलहौसीचे गणित पाहा. पंजाबात गादीवर औरस मूल होते, तर त्याची सही चालली. साताऱ्यात आणि झाशीत दत्तक मूल होते, तर त्याचे नाव चालले नाही. सोयीचे असेल तेव्हा दहा वर्षांचे मूल कायद्याने शहाणे, गैरसोयीचे असेल तेव्हा मूल अस्तित्वातच नाही. 1857 च्या धामधुमीत साताऱ्याच्या राजघराण्यातील राण्या आणि दत्तक मुलगे यांना शहरातून हलवून मुंबईजवळच्या बेटावर नेऊन ठेवले. राज्य गेले तरी नावाची भीती गेली नव्हती.

चळवळीतली मुले

इंग्रजी राज्याविरुद्ध चळवळ उभी राहिली तेव्हा मुले पुन्हा पुढे आली. 1930 च्या सविनय कायदेभंगात ठिकठिकाणी 'वानरसेना' निघाल्या. मुले निरोप पोचवत, प्रभातफेऱ्या काढत. 1942 च्या सप्टेंबरमध्ये खानदेशात नंदुरबारला विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. त्यात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती मारले गेले. शिरीषकुमार अजून सोळा वर्षांचाही झाला नव्हता. आपल्या सातारा जिल्ह्यात त्याच महिन्यात तासगाव, वडूज, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर मोर्चे गेले, वडूज आणि इस्लामपूरला रक्त सांडले.

शिरीषकुमारच्या हौतात्म्यापुढे मान लवते. गोळी झाडणाऱ्या सरकारचा अपराध त्याहून मोठा, यातही शंका नाही. परंतु शिक्षक म्हणून एक प्रश्न मला नेहमी छळतो. आपण त्या मुलाचे नाव चौकाला देतो, पुतळा उभारतो, शाळेत त्याच्यावर निबंध लिहून घेतो. त्यातून मुलाने काय शिकावे अशी आपली अपेक्षा आहे? देशासाठी निर्भय व्हावे, हे खरे. पण पंधराव्या वर्षी मरावे, हे नव्हे. हुतात्म्याची आठवण ठेवणे वेगळे आणि नवे हुतात्मे तयार करण्यासाठी त्याची आठवण वापरणे वेगळे. ही रेघ फार बारीक आहे आणि ती नेहमी मोठ्यांच्या सोयीने पुसली जाते.

आजचे फलक

राजेशाही गेली, गादी गेली. पण मूल पुढे करण्याची रीत गेली का? निवडणुकीच्या काळात मुलांच्या गळ्यात पट्टे आणि हातात झेंडे दिसतात. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राजकीय पक्षांनी निवडणुकीच्या कामात मुलांना वापरू नये असे बजावले. फेब्रुवारी 2024 मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना आणि उमेदवारांना पुन्हा स्पष्ट ताकीद दिली की, घोषणा, फेऱ्या, पत्रके वाटणे, कोठेही मुले नकोत. ज्या गोष्टीची ताकीद पुन्हा पुन्हा द्यावी लागते, ती अजून चालूच आहे असे समजावे.

आणि आम्ही शिक्षक तरी निर्दोष कोठे आहोत? मी नोकरीत असताना एकदा एक मोठे पाहुणे गावात येणार होते. सर्व मुलांना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे करावे असा हुकूम आला. मीच रांगा लावल्या. अकरा वाजता येणारे पाहुणे दीडला आले. तोपर्यंत पाचवीतली एक मुलगी उन्हाने चक्कर येऊन पडली होती आणि तिला मी पिंपळाखाली बसवून पाणी पाजत होतो. मोटारी निघून गेल्या, काचा बंद होत्या. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने विचारले, "सर, काल ते आले होते का?" मला उत्तर देता आले नाही. त्या दिवशी सरकारने आणि मी मिळून तिला फलक केले होते. ही कबुली आज देतो, कारण दुसऱ्यांचे दोष मोजणाऱ्याने आपला एक तरी सांगावा.

आपल्या समाजानेही आरशात पाहावे. आपल्या मोर्च्यात, आपल्या जलशात, आपल्या मागण्यांच्या वेळी आपण मुले पुढे ठेवत नाही का? मागणी रास्त असेल, अन्याय खरा असेल, तरी तो सांगण्याचे काम मोठ्यांचे आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी घातलेली घोषणा त्याची नसते; ती आपली असते आणि त्याची किंमत मात्र त्याला मोजावी लागते. ज्यांना मुलाचा फोटो उपयोगी पडला, ते त्याच्या फीसाठी येत नाहीत. 

एक साधी कसोटी

या साऱ्या इतिहासातून मला एक साधी कसोटी सापडली, ती पालकांपुढे ठेवतो. कोणी तुमच्या मुलाला कोठे उभे करू पाहील, तेव्हा एवढेच विचारा: यात मुलाचे काय? उद्या हे काम संपल्यावर मुलाच्या पदरात काय राहील? शाहूंच्या पदरात बेगमेची माया राहिली, सांगलीच्या चिंतामणरावांच्या पदरात शिक्षण राहिले. पन्हाळ्यावरच्या शिवाजीच्या पदरात काहीच राहिले नाही. मनसब, वस्त्रे, सोन्याचे घड्याळ, वर्तमानपत्रातला फोटो, हे सगळे देणाऱ्याच्या कामाचे असते.

मूल नागरिक आहे, त्याला देशाचे बरेवाईट कळले पाहिजे, हे मी मानतो. पण ते कळण्याची जागा वर्ग आहे, ग्रंथालय आहे, घरातली गप्पागोष्टी आहेत. संयुक्त राष्ट्रांनी 1989 मध्ये बालहक्कांचा करार केला आणि भारताने 1992 मध्ये तो मान्य केला. त्यात मुलाला स्वतःचे मत मांडण्याचा हक्क दिला आहे. स्वतःचे मत, हे ध्यानात घ्या. ते तयार होण्यासाठी मुलाला वाचता आले पाहिजे, प्रश्न विचारता आले पाहिजेत आणि मोठ्यांना 'नाही' म्हणता आले पाहिजे. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 मध्ये झाला. तो हक्क आपल्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक मुलापर्यंत आणि विशेषतः प्रत्येक मुलीपर्यंत पोचला की नाही, हे पाहणे हे मिरवणुकीपेक्षा कितीतरी अवघड काम आहे. आपल्यासारख्या शिक्षण संस्था त्यासाठीच आहेत.

त्या दिवशीच्या मिरवणुकीतला एक मुलगा दुसऱ्या दिवशी मला गल्लीत भेटला. मी विचारले, "काल हातात काय होतं रे?" तो म्हणाला, "पाटी." काय लिहिले होते विचारल्यावर मान हलवून हसला. मी त्याला म्हटले, उद्यापासून संध्याकाळी माझ्याकडे ये, आपण आधी पाटीवर काय लिहिलंय ते वाचायला शिकू. तो येतो. अजून जोडाक्षरे अडतात. पण येतो.